कोरडवाहू

मृगाला तीन आठवडे होते.
पऱ्हाट्या उपटून झालेल्या, वावर उघडं पडलेलं.
श्रावणकाका थूल दोन गोण्या फक्की घेऊन आले,
म्हणाले, दोरीचं टोक धर अन् चालत राह्य,
मी थांब म्हनल्यावर थांब.

ते थांब म्हणेचनात.
मी धुऱ्याशी पोचलो,
धुरा ओलांडून पर्वताबाईच्या वावरात शिरलो,
नाल्याचा काठ दिसायला लागला
तेव्हा मागून बारीक आवाज आला:
हां. आलं नाक.

काका नौदलात होते, सुतारकामाला.
नवी जहाजं आणायला गेलेल्यांत त्यांचं नाव लागलं
आणि एक अख्खा हिवाळा निकोलायेवच्या गोदीत गेला.
तिथं गेन्नादी म्हणून एक नकाशे काढणारा,
साखरेचा खडा दातात धरून चहा पिणारा
(पर्वताबाई गूळ धरते तसा).
एका संध्याकाळी त्यानं सांडलेल्या चहात बोट बुडवून
मेजावर हे जहाज काढलं.
अणुभट्टीवर चालणारं. पन्नास विमानं पोटात.
प्रकल्प अकराशे त्रेपन्न, नाव गरुड.
त्यातल्या एकाच वस्तूचे नकाशे त्यानं सात वर्षं काढले:
विमानं पोटातून वर आणणारा पाळणा.
मग एक मंत्री मेला, दुसरा आला,
जहाज कागदावरच आखूडलं,
कागद कपाटात गेला.
मेज पुसायला बाई आली.

कोणाला सांगू नको, गेन्नादी म्हणाला होता.
काकांनी चाळीस वर्षं पाळलं.
ज्याला भ्यायचं तो देशही दरम्यान राहिला नाही.

संध्याकाळी गाव जमलं.
पोरं या टोकापासून त्या टोकापर्यंत पळून दमली.
पर्वताबाई स्वतःच्या वावरात घुसलेल्या नाकापाशी उभी,
काय व्हय हे, श्रावण?
प्रकल्प, काका म्हणाले. रशियाचा. झाला नाही.

आमच्याकडं हा शब्द हलका नाही.
नाल्यावरच्या लघु प्रकल्पाचे दगड रोवून सव्वीस वर्षं झालीत,
कालव्यावरचा पूल तेवढा बांधून तयार आहे,
खाली कालवा नाही, वर शेळ्या बसतात.
मंग त्याच्यात वावरं कोनाची गेली?
पर्वताबाईनं विचारलं.
काकांनी खरंच विचार केला.
वावर कोनाचं नाही गेलं. गेन्नादीची सात वर्सं गेली.
अन् मोबदला?

काका बोलले नाहीत.
पाळण्याच्या जागी गेले
आणि तो चौकोन पुन्हा गिरवला, जाड,
उरलेली गोणी तिथंच संपवली.

रात्री नागपूरकडून एक विमान गेलं, लाल दिवा मिचकावत.
गजूनं दोन मोबाईलच्या बॅटऱ्या डोक्यावर हलवल्या,
उतर, उतर, जागा हाय.
जागा होतीच.
नाल्यात मात्र त्या दिवसांत
पोहऱ्याचा बूड भिजेल एवढंही पाणी नसतं.

वाहटुळीनं दोन दिवसांत डावी बाजू नेली.
पेरणीला तिफणवाला आला तेव्हा काका म्हणाले,
नाकाकडून शेपटाकडं चालव.
तो म्हणाला, तासं तशीच पडतात इथं, काका.

आता तूर कमरेला लागते.
एका चौकोनातली तेवढी पिवळट आहे,
कृषिसेवकाला कळेना, त्यानं पानं पिशवीत घालून नेली.
तलाठी पाहणीला आला, धुऱ्यावरूनच लिहीत होता:
पीक तूर. जलसिंचनाचं साधन निरंक.
काकांनी विचारलं, विमानवाहूचा रकाना असतो का?
तो हसला. काका, बागायती नाही तर कोरडवाहू,
तिसरं काय लिहू?

काका त्याच्या खांद्यावरून वाकून बघत राहिले,
चष्मा कपाळावर,
एकेक अक्षर लावत,
कोरड, वाहू.
लिव्ह, म्हणाले. बरोबर हाय.